११८ टक्के

"पाण्यात विरघळणारा पॉलिमर ना? मग तो पाण्यातच असणार. पाणी वेगळं काढ, मोज, दे. दुपारपर्यंत होईल." सरांचं हे वाक्य माझ्या वहीत तारखेसकट लिहिलेलं आहे. तारीख आता वाचवत नाही.

प्रकरण दुधट होतं. लाकूड चिकटवायचा पांढरा गोंद असतो ना, त्याच जातीचं लॅटेक्स. पाण्यात पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचे अगणित बारीक कण, आणि ते एकमेकांच्या गळ्यात पडू नयेत म्हणून पहाऱ्याला पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए. घातलेल्या पीव्हीएपैकी पाण्यात मोकळा किती हिंडतोय, एवढंच मला सांगायचं होतं.

नळ्या समोरासमोर वजनाने जुळवल्या, सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून कण तळाला बसवणारं यंत्र) लावला. तासाभराने उघडला तर खाली पांढरं, वर पांढरं. वरचं जरा कमी पांढरं, असं मी स्वतःची समजूत घालायला म्हटलं. आणखी दोन तास फिरवल्यावर तळाशी खोडरबरासारखी गोळी बसली आणि वर फिकट निळसर पाणी आलं. इतकं देखणं, की मी दोघांना बोलावून दाखवलं. तो निळेपणा म्हणजे सगळ्यात बारीक कण अजून वरच तरंगत असल्याची खूण होती, हे मला दोन दिवसांनी कळलं. त्या दोघांना आधीच माहीत असावं. ते काही न बोलता गेले.

०.२ मायक्रॉनच्या फिल्टरने चार थेंब दिले आणि संप पुकारला. मी सिरिंज जोरात दाबली. फिल्टर उडाला, पाणी बाहीवर. ते वाळून तिथे जो पारदर्शक पापुद्रा झाला तो आजही आहे. धुण्याच्या पावडरींनी हात टेकले.

नुसतं पाणी १०५ अंशांवर सुकवून वजन करावं, तर त्या वजनात पीव्हीएबरोबर साबण आणि क्षारही फुकट बसून येतात. मग उरलं आयोडीन. बोरिक आम्ल आणि आयोडीन घातलं की पीव्हीए निळा-हिरवा होतो. (पोलरायझिंग चष्म्यातली फिल्मसुद्धा आयोडीन पाजलेल्या पीव्हीएचीच, तिथे मात्र तो निमूट वागतो.) प्रमाण द्रावण, म्हणजे रंग ज्याच्याशी ताडून पाहायचा ते, त्याच ग्रेडच्या पीव्हीएचं हवं, नाहीतर रंगच वेगळा येतो. मी पहिल्यांदा शेजारच्या बरणीतला घेतला होता. ती सकाळ आपण सोडून देऊ.

स्पेक्ट्रोवर, म्हणजे रंगाने किती प्रकाश गिळला ते मोजणाऱ्या यंत्रावर, ६९० नॅनोमीटरच्या प्रकाशात रीडिंग घेतलं, गणित केलं, दोनदा केलं. घातलेल्या पीव्हीएच्या ११८ टक्के.

"वरचे अठरा टक्के कुठून आणलेस?" सरांनी विचारलं. आवाजात कौतुकही असल्यासारखं वाटलं, पण नसावं.

ते अठरा, आणि त्याखालचेही बरेच, निळसर पाण्याने दिले होते. उरलेले कण प्रकाश विखुरतात आणि स्पेक्ट्रोला वाटतं, रंगानेच गिळला. तेच पाणी आयोडीनशिवाय मोजून ते रीडिंग वजा केलं. आकडा आला ६१. मी चहा घेतला.

चहा चुकला. "खालची गोळी धुतलीस का?" असं एकाने सहज विचारलं. गोळी पाण्यात विस्कटली, पुन्हा फिरवली, आणि धुवणात आणखी पीव्हीए निघाला. कणांना नुसता टेकून बसलेला होता, पाणी वाढल्यावर उठून आला. बेरीज ७४. बाकीचा बनतानाच कणावर कलम झालेला. तो कितीही धुतला तरी यायचा नाही. म्हणजे पाण्यात विरघळणारा खरा, पण पाण्यात नाही.

मीठ टाकून लॅटेक्स दुधासारखं फाडायचाही सल्ला मिळाला. कॅल्शियम क्लोराइड टाकलं, लॅटेक्स ढिम्म. पहाऱ्याला पीव्हीए असताना मिठाला कोण विचारतो! सोडियम सल्फेटने पीव्हीएच पाण्याबाहेर पडला, म्हणजे जो मोजायचा तोच गाळात.

शेवटी रिपोर्टात लिहिलं: किती वेग, किती वेळ, धुवण न धरता, गढूळपणा वजा करून, ६१ टक्के. सरांनी रिपोर्ट वाचला, पेन काढलं आणि आकड्याच्या आधीचं सगळं खोडलं.

"एवढं कोण वाचतं? आकडा राहू दे."