मावळलेला गजर

इंग्रजीतले लांबलचक शब्द मला कधीच छळत नाहीत. तोंडात मावणार नाही असा एखादा वैद्यकीय शब्द समोर आला की मी उलट खूश होते. शब्दकोश उघडायचा, एकुलता एक अर्थ टिपायचा आणि पुढे सरकायचं. मोठे शब्द प्रामाणिक असतात. नेमून दिलेलं एक काम करतात आणि गप्प राहतात. छळतात ती तीन अक्षरांची चिल्लर. त्यातही सगळ्यात आगाऊ म्हणजे ‘सेट’.

मी अनुवादाची कामं करते. साहित्यबिहित्य नाही. ‘रद्द करा’, ‘पुन्हा प्रयत्न करा’, ‘आपले सत्र संपले आहे’ असला जो मजकूर मोबाइलवर मराठीत दिसतो आणि जो वाचून लोक तातडीने भाषा बदलून इंग्रजी करून टाकतात, तो मजकूर आम्ही लिहितो.

हे काम येतं एक्सेल शीटमधून. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामा रकाना. चित्र नाही, संदर्भ नाही, मागचा-पुढचा पडदा नाही. यावेळचं गिऱ्हाईक होतं एक स्मार्ट घड्याळ. ते वेळ सांगतं, हवामान सांगतं, व्यायाम मोजतं, टेनिसचा स्कोअर ठेवतं, झोपेत आपण किती वेळा कूस बदलली त्याचीही नोंद ठेवतं. कुणा शिस्तप्रिय माणसाने शीटमधल्या ओळी वर्णानुक्रमे लावल्या होत्या. त्यामुळे घड्याळाच्या कानाकोपऱ्यांतले सगळे ‘सेट’ एका जागी येऊन, रेशनच्या रांगेत उभे राहावेत तसे एकाखाली एक उभे. प्रत्येकाचा चेहरा सारखा, पत्ता कुणाकडेच नाही.

आता यातला कोण कुठला? गजराचा ‘सेट’ म्हणजे लावा. ध्येयाचा म्हणजे ठरवा. सूर्याचा म्हणजे मावळला. व्यायामातला म्हणजे दहा उठाबशा काढून धापा टाकायला थांबता तो. पट्ट्यांचा म्हणजे संच. आणि गजराचा तरी ‘लावा’च कशावरून? ‘लावला’ का नाही? या क्रियापदाची तिन्ही रूपं सारखीच : सेट, सेट, सेट. आज लावताय, काल लावला होता की लावून झालेला आहे, याचा पत्ताच लागत नाही. इंग्रजाला त्याने काही फरक पडत नाही. आम्हाला मात्र काळ लागतो, लिंग लागतं, वचन लागतं. गजर लावला, वेळ लावली, ध्येय ठरवलं. शीटमध्ये एक ओळ तर अशी होती : आधी टक्क्याचं चिन्ह, त्याला चिकटलेलं एक अक्षर आणि पुढे ‘सेट’. म्हणजे त्या चिन्हाच्या जागी ऐनवेळी काय येईल ते घड्याळ ठरवणार, ते पुल्लिंगी असेल की नपुंसकलिंगी तेही घड्याळच ठरवणार, आणि क्रियापद मात्र मी आजच देऊन ठेवायचं. मुलगा की मुलगी ते कळायच्या आत बारशाचं नाव छापून टाकण्यातला प्रकार.

रीतसर प्रश्न पाठवला : या ओळीतला ‘सेट’ कुठल्या अर्थाने आहे? एजन्सीचा कोऑर्डिनेटर अतिशय नम्र मुलगा. लगेच उत्तर आलं, “मॅम, ‘सेट’ अ‍ॅज इन ‘सेट’.” पुढे हसरा चेहरा.

त्याचं तरी काय चुकलं म्हणा. खुद्द ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाने या शब्दापुढे हात टेकलेले आहेत. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद याच शब्दाची होती. नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ, आणि एकूण नोंद सुमारे ६० हजार शब्दांची. म्हणजे तीन अक्षरांच्या या कारट्याची ओळख करून द्यायला एका आटोपशीर कादंबरीएवढा मजकूर लागला. नव्या आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर २००० साली ‘मेक’ने हा विक्रम मोडला, २००७ साली ‘पुट’ने आणि २०११ साली ‘रन’ने. ‘रन’च्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले म्हणतात. सगळे तीनचार अक्षरी, सगळे चिल्लर. आमच्या घड्याळात ‘रन’ही होताच; त्यात धावायचं होतं, प्रोग्रॅम चालवायचा होता आणि क्रिकेटची धावसंख्याही होती. पण तो विषय काढला तर माझा रक्तदाब वाढतो, आणि तोही ते घड्याळ मोजतं.

तर सूर्याच्या ओळीपुढे नशिबाने ‘हवामान’ असं लिहिलेलं होतं, म्हणून एजन्सीने ती ओळ आधी मंजूर करून टाकली : मावळला. इथे घात झाला. आमच्या सॉफ्टवेअरला ‘मेमरी’ नावाची एक गोष्ट असते. एकदा मंजूर झालेला शब्द ती जन्मभर लक्षात ठेवते आणि तोच इंग्रजी शब्द पुन्हा दिसला की शंभर टक्के जुळलं म्हणून आपणहून भरते. ओळीला वर कुलूपही घालते. शिवाय पुनरुक्तीचे पैसे मिळत नाहीत. ‘सेट’ला अर्थ शेकड्यांनी असतील, हिशेबात तो एकच शब्द. दुसऱ्या दिवशी नमुन्याचे पडदे आले. ‘सकाळी ६ : गजर मावळला.’ ‘शाबास! तुमचे ३ मावळला पूर्ण झाले.’ आणि व्यायामाच्या पानावर, माझ्या वयाच्या बाईला उद्देशून, ‘ध्येय मावळला.’ व्याकरण सोडलं तर यात खोटं काही नव्हतं.

कुलपं उघडून घेण्यात बराच पत्रव्यवहार झाला. तेवढ्यात मजकूर तपासणारे सर आले. हे निवृत्त, वयाने मोठे आणि शुद्ध मराठीचे कट्टर कैवारी. “ताई, आपल्या भाषेत शब्दांचा दुष्काळ पडलाय का? बटणावर ‘सेट करा’ काय लिहिता? ‘निश्चित करा’ लिहा, ‘प्रस्थापित करा’ लिहा.” मी म्हटलं, सर, बटणावर जागा सहा वर्णांची आहे. सर म्हणाले, “मग? ‘निश्चित’ तीन अक्षरी आहे.” आपल्या मोजणीने आहे हो. संगणक वेलांटी वेगळी मोजतो, काना वेगळा, आणि जोडाक्षर दिसलं की पोटातल्या हलन्तासकट त्याची हाडं मोजतो. त्याच्या हिशेबाने ‘निश्चित करा’ मधल्या मोकळ्या जागेसह अकरा भरतं. ‘ठरवा’ चार. ‘सेट’ तीन. ‘मावळला’ मात्र बरोब्बर सहा. तो जिथे बसवाल तिथे बसत होता, म्हणून तर कंपनीकडून कुणाची तक्रार आली नव्हती.

आमचे हे सिव्हिल इंजिनीअर. रात्री जेवताना मी गाऱ्हाणं मांडलं, तर म्हणाले, “अगं, सेट म्हणजे सेट होणं. त्यात काय कठीण आहे? सिमेंट सेट होतं.” मग अर्धा तास सिमेंट. ते कसं वाळत नाही, तर पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते; म्हणून पाण्याखालीही ते सेट होतं. त्यातही पहिला सेट आणि शेवटचा सेट असे दोन टप्पे. ते ओळखायला विकाची सुई. विका हा फ्रेंच इंजिनीअर. त्याच्या उपकरणात एक चौरस मिलिमीटर टोकाची सुई ओल्या सिमेंटवर सोडायची आणि ती किती आत रुतते ते बघायचं. रुतायची कमी झाली की पहिला सेट. सिमेंट दळताना त्यात थोडं जिप्सम घालावं लागतं, नाहीतर पाणी लागताच ते घमेल्यातच घट्ट होतं, त्याला फ्लॅश सेट म्हणतात. मग एक फॉल्स सेटही असतो. वरवर घट्ट झाल्यासारखं दिसतं, पुन्हा घोटलं की सैल पडतं.

“म्हणजे एकट्या सिमेंटमध्ये चार,” मी म्हटलं.

“पण चारही एकच ना गं,” असं म्हणून ते हात धुवायला गेले. इंजिनीअर माणसाचं हे बरं असतं.

गणितवाल्यांचं त्याहून बरं. संच म्हणजे काय याची ते व्याख्याच करत नाहीत. तो गृहीत धरायचा आणि पुढे जायचं. एकोणिसाव्या शतकात कॅन्टरने संचांचा सगळा संसार मांडला, छान चाललं होतं. १९०१ साली बर्ट्रांड रसेलच्या मनात आलं, जे संच स्वतःचे घटक नाहीत त्या सगळ्यांचा मिळून एक संच केला, तर तो स्वतःचा घटक असेल की नसेल? आहे म्हणावं तर नसतो, नाही म्हणावं तर असतो. निस्तरायला गणितज्ञांची पुढची कित्येक वर्षं गेली. मला त्यांच्याबद्दल सहानुभूती वाटली नाही. त्यांना एकाच सेटचा त्रास होता.

टेनिसमध्ये तर हा शब्द सरळसरळ फसवणूक करतो. सेट म्हणजे एकदाचं काहीतरी पक्कं झालं असं वाटावं, आणि २०१०च्या विम्बल्डनमध्ये इस्नर आणि माहू यांचा शेवटचा सेट ७०–६८ला संपला. सामना तीन दिवसांवर पसरला, एकूण ११ तास ५ मिनिटं. २०२२पासून चारही मोठ्या स्पर्धांत शेवटच्या सेटला ६–६ वर टायब्रेक, म्हणजे निकाल लावणारा छोटा निर्णायक डाव, आला, म्हणून बरं. घड्याळात टेनिसच्या चौकटीला दोनच आकड्यांची जागा होती, हे मी आवर्जून तपासलं. ७० मावतात.

शेपूट लावलेले ‘सेट’ तर आणखी बेइमान. पैसे सेट असाइड केले तर ते जपून ठेवले. कोर्टाने निकाल सेट असाइड केला तर तो रद्दबातल. सेट ऑफ म्हणजे प्रवासाला निघणं, फटाका पेटवणं, अलार्म ठणाणा वाजायला लावणं आणि हिशेबात येणं-देणं परस्पर वळतं करणं. सेट अप म्हणजे धंदा थाटून देणं, एखाद्याला कटात अडकवणं आणि दोन माणसांचं जमवून देणं. शेवटच्या दोहोंत फरक काय, ते ज्याने त्याने अनुभवाने ठरवावं.

रागाच्या भरात मी हे सगळं घरात वाचून दाखवत होते, तर सासूबाई वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या, “बसवणं गं ते.” मी शब्दकोश पाहिला. जुन्या इंग्रजीतलं मूळ क्रियापद ‘सेट्टन’, अर्थ : बसवणे. संच या अर्थाचा ‘सेट’ वेगळा, तो लॅटिनमधल्या ‘सेक्टा’वरून फ्रेंचमार्गे आला आणि दिसायला सारखा म्हणून याच घरात राहायला लागला. पण क्रियापद बसवणंच. अंगठीत खडा बसवायचा, निखळलेलं हाड बसवायचं, घडी बसवायची. इंग्रजीत हे सगळं सेटच. सूर्यालाही त्यांनी बसवला.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मग डोळ्यांसमोर आमचंच ‘बसणं’ आलं. घसा बसतो, भिंत बसते, दातखीळ बसते. धक्का बसतो, मार बसतो, भुर्दंड बसतो. विश्वास बसतो, आणि मग पुन्हा भुर्दंड बसतो. नाटक बसवतात. पेपराला बसतात. धंदा बसला म्हणजे तो बुडाला, पण जम बसला म्हणजे तो चालला. हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये, वर्णानुक्रमे, संदर्भाशिवाय कुणा बिचाऱ्या इंग्रज बाईकडे जात असेल, आणि ती विचारत असेल की हा ‘बसला’ कुठला. आमच्याकडून तिला उत्तर जात असेल, ‘बसला’ म्हणजे बसला, मॅम. पुढे हसरा चेहरा.

एकेक करत ओळी मार्गी लागल्या. ‘लावा’, ‘लावला’, ‘ठरवा’, ‘संच’, ‘फेरी’. टेनिसला ‘सेट’च ठेवला, सरांनी दोन दिवस धुसफुस केली, पण त्यांनाही शब्द सुचेना. राहिली ती फक्त एक ओळ. नुसतं ‘सेट’, बटण की शीर्षक तेही कळेना. त्या ओळीसाठी मी कोऑर्डिनेटरला, कोऑर्डिनेटरने कंपनीला आणि कंपनीने बहुधा आपापसांत बरंच लिहिलं. काम हातावेगळं करायची मुदत टळून गेली, तेव्हा उत्तर आलं.

घड्याळाच्या डायलांचा एक खास इजिप्शियन संच होता. प्रत्येक डायलला एका प्राचीन देवाचं नाव. रा, होरस, ओसायरिस आणि सेट. वर्णानुक्रमाच्या कृपेने हे चौघे शीटभर विखुरले होते. सेट हा वाळवंटाचा, वादळाचा आणि गोंधळाचा देव. सख्ख्या भावाचा खून करून त्याने त्याच्या देहाचे तुकडे केले, असं त्याच्याबद्दल सांगतात. खाली कंपनीची सूचना : हे विशेषनाम आहे, कृपया अनुवाद करू नये.

मी हात जोडले आणि रकान्यात देवनागरीत ‘सेट’ असं टाइप करायला घेतलं. ‘स’ उमटतो न उमटतो तोच कोपऱ्यात पिवळी चौकट उघडली : या शब्दाचा मंजूर अनुवाद उपलब्ध आहे, ‘मावळला’. वापरायचा?