आठ कोअर की सोळा? उत्तर आधी आपल्याच कामात शोधावे

नवा डेस्कटॉप जुळवताना ‘गेमिंगही करायचे आहे आणि एडिटिंग-रेंडरिंगही, तर सर्वांत चांगला प्रोसेसर कोणता?’ असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो (रेंडरिंग म्हणजे रचलेल्या दृश्याचे अंतिम चित्र संगणकाकडून तयार करून घेणे, तर कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग). या प्रश्नाला एका नावाचे उत्तर देणे मी आता थांबवले आहे, कारण ही दोन कामे प्रोसेसरकडून जवळजवळ परस्परविरोधी गोष्टी मागतात आणि ते समजून न घेता यादीतले सर्वांत महाग मॉडेल घेणारा माणूस बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी पैसे घालतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी गेमिंगचे पाहू. सेकंदाला १४४ फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमसाठी प्रोसेसरला जेमतेम ७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात पात्रांच्या हालचाली, टकरी, आवाज आणि ग्राफिक्स कार्डाला द्यायच्या सूचना असे सगळे उरकावे लागते आणि यातले बरेचसे काम एकाच मुख्य थ्रेडवर, म्हणजे सूचनांच्या एका सलग साखळीवर चालते. त्यासाठी लागणारी माहिती मेमरीत विखुरलेली असते. ती कॅशमध्ये (कोअरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) सापडली नाही की रॅमपर्यंत जावे लागते आणि त्या एका खेपेत कोअर शेकडो क्लॉक सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) नुसता ताटकळत राहतो. एप्रिल २०२२ मध्ये एएमडी कंपनीने रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर आणला, तेव्हा ३२ एमबी एल३ (तिसऱ्या पातळीच्या) कॅशवर आणखी ६४ एमबीचा थर चढवलेला होता. त्याचा क्लॉक (ठोक्यांचा वेग) साध्या ५८००एक्सपेक्षा कमी होता, तरीही बहुतेक गेममध्ये तो पुढे गेला. रेंडरिंगमध्ये मात्र या थराचा त्याला काहीच लाभ झाला नाही. गेमसाठी गिगाहर्ट्झच्या आकड्यापेक्षा कॅश किती मोलाची आहे, हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने उमगले. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ९८००एक्स३डीमध्ये हाच थर कोअरच्या खाली नेल्यामुळे उष्णता थेट कूलरपर्यंत पोहोचते आणि क्लॉक ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत जातो.

रेंडरिंगचा स्वभाव वेगळा आहे. चित्राचे तुकडे करून प्रत्येक कोअरला आपापला वाटा देता येतो, त्यामुळे आठाच्या जागी सोळा कोअर आले की वेळ जवळपास निम्म्यावर येतो. मोठे प्रोग्रॅम कंपाइल करण्यालाही (लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलण्यालाही) बऱ्याच अंशी हेच लागू पडते. पण इथेच अनेकांची गफलत होते. त्रिमितीय चित्रांच्या ब्लेंडर या सॉफ्टवेअरमधले सायकल्स हे रेंडर इंजिन ग्राफिक्स कार्डावर चालवता येते आणि व्हिडिओ एडिटिंगच्या दाव्हिंची रिझॉल्व्हमधले बहुतेक इफेक्टही तिथेच चालतात. ‘क्रिएटिव्ह काम’ म्हणून आपण ज्याला सोळा कोअर देऊ पाहतो, त्याचा मोठा भाग प्रोसेसरवर नसतोच. व्हिडिओच्या बाबतीत तर कोअरच्या संख्येपेक्षा कॅमेऱ्याचा फॉरमॅट निर्णायक ठरतो. रंगांची जास्त माहिती साठवणारे १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी (व्हिडिओ आटोपशीर साठवण्याची एक पद्धत) फुटेज इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समधली क्विक सिंक यंत्रणा सहज उलगडते. रायझनच्या अंगभूत ग्राफिक्सला ते जमत नाही. त्यामुळे इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के गेमिंगमध्ये जादा कॅशच्या एक्स३डी प्रोसेसरांच्या मागे असला, तरी अशा फुटेजवर दिवसभर काम करणाऱ्याने त्याला परस्पर बाद करू नये. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेतले ग्राफिक्स कार्ड घेणार असाल, तर मात्र ती सोय कार्डातच आहे आणि हा मुद्दा गळून पडतो.

आता दोन्ही कामांसाठी सुचवल्या जाणाऱ्या रायझन ९ ९९५०एक्स३डीबद्दल. मार्च २०२५ मध्ये आलेल्या या सोळा कोअरच्या प्रोसेसरमध्ये आठ-आठ कोअरचे दोन चिपलेट (छोट्या वेगळ्या चिप) आहेत आणि जादा कॅश त्यांपैकी एकाच चिपलेटवर आहे. म्हणून गेम सुरू झाला की तो योग्य चिपलेटवर राहावा यासाठी मदरबोर्डचा चिपसेट ड्रायव्हर आणि गेम चालू असल्याचे ओळखणारा विंडोजमधला गेम बार यांच्यावर अवलंबून राहावे लागते. ते नीट बसवले की प्रोसेसर उत्तम चालतो, पण गेमिंगपुरता तो ९८००एक्स३डीच्या आसपासच राहतो. केवळ खेळण्यासाठी तो घेणे मला पटत नाही. ज्यांचे रेंडर, सिम्युलेशन किंवा कंपाइल खरोखर प्रोसेसरवर चालते आणि ज्यांना संध्याकाळी त्याच यंत्रावर खेळायचेही आहे, त्यांना मात्र मी तो निःसंकोच सुचवेन.

आपण कोणत्या गटात आहोत, हे सध्याच्या यंत्रावरच तपासता येते. गेमचे रिझोल्यूशन कमी करून पाहा. फ्रेम वाढल्या, तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा आहे. जवळपास तेवढ्याच राहिल्या, तर प्रोसेसरचा. ४के पडद्यावर सर्व सेटिंग चढ्या ठेवून खेळणाऱ्यांना बहुधा पहिलेच उत्तर मिळेल. एक्सपोर्ट चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा उघडून पाहा. अर्धे कोअर रिकामे बसलेले दिसले, तर त्यांची संख्या दुप्पट केल्याने काहीही साधणार नाही.

रॅमबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो, कारण ती फारसे कोणी सांगत नाही. रायझन ९००० मालिकेत दोन डीडीआर५ रॅम स्टिकना अधिकृत वेग ५६०० मेगाट्रान्सफर प्रति सेकंद मिळतो, तर चार स्टिक लावल्या की तो ३६०० वर उतरतो. जास्त मेमरी हवी असेल, तर आधी दोन आणि पुढे आणखी दोन असा बेत न करता सुरुवातीलाच मोठ्या क्षमतेच्या दोन स्टिक घ्याव्यात. इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीतला वरच्या श्रेणीचा प्रोसेसर वापरलेला घेत असाल, तर व्होल्टेजच्या दोषावरचे २०२४ मधले मायक्रोकोड (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचना) सुधार मदरबोर्डच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आहेत का, ते पाहा. आधीच झालेली झीज त्यांनी भरून निघत नाही.

मी स्वतः महिनाभर नोंद ठेवली. सगळे कोअर पूर्ण भरलेले असे तास आठवड्याला दोनसुद्धा भरले नाहीत, म्हणून मी आठ कोअरचा ९८००एक्स३डी घेतला आणि उरलेली रक्कम ग्राफिक्स कार्ड व रॅममध्ये घातली. द्रवांचे सिम्युलेशन करणाऱ्या माझ्या मित्राच्या नोंदीत तोच आकडा तीसच्या वर गेला. त्याने सोळा कोअर घेतले आणि त्याची निवडही तितकीच योग्य आहे.