‘निसर्गावर सोडा’ हा व्हरोआवरचा उपाय नव्हे

मधमाश्यांवरील व्हरोआ या परजीवी किडीविषयी एक मजकूर सध्या मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. औषधांमुळेच माश्या दुबळ्या होतात, म्हणून पेट्यांना हात लावू नका. कमकुवत वसाहती मरतील आणि उरलेल्या आपोआप प्रतिकारक्षम होतील, असा त्याचा आशय आहे. हेतू चांगला असला, तरी हा सल्ला वसाहतींच्या जिवावर उठणारा आहे.

माशी आणि ही कीड यांनी निसर्गात एकमेकांशी जुळवून घेतले आहे, हा त्यातला पहिला दावा. आशियाई सातेरी माशीपुरता तो बऱ्याच अंशी खरा आहे, कारण तिच्या वसाहतीत व्हरोआची वीण मुख्यतः नरांच्या पिलाव्यापुरती, म्हणजे वाढत्या अळ्या-कोषांपुरती, मर्यादित राहते. युरोपीय मेलिफेरा माशीशी मात्र या किडीची गाठ विसाव्या शतकात, माणसाने पेट्या दूरदूर नेल्यामुळे पडली आणि तिच्या कामकरी पिलाव्यातही ती वाढते.

‘जगेल ती टिकेल’ या दाव्याला काही आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. स्वीडनच्या गॉटलँड बेटावर 1999 मध्ये 150 वसाहती उपचाराविना सोडल्या गेल्या. पहिल्या तीन वर्षांत त्यांतील 80 टक्क्यांहून अधिक मेल्या आणि उरलेल्यांच्या वंशात किडीची वीण खरोखर मंदावली. पण ते वेगळे राखलेले ठिकाण होते. एरवी राणीमाशी उडत्या समागमात आसपासच्या अनेक वसाहतींतील नरांशी संयोग पावते, त्यामुळे एका मधपाळाने घडवू पाहिलेली निवड पुढच्याच पिढीत विरघळते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, कोसळणारी वसाहत एकटी मरत नाही: तिचा मध लुटायला शेजारच्या पेट्यांतील माश्या येतात आणि जाताना अंगावर व्हरोआ घेऊन परततात. म्हणजे न केलेल्या उपचाराचा भुर्दंड शेजाऱ्याच्या पेटीला पडतो. या मुद्द्याला त्या मजकुरात कोठेही उत्तर नाही.

माश्या धडधाकट दिसत असतील तर काळजी नको, हे म्हणणेही फसवे आहे. पिलावा असताना बहुतेक किडी पोळ्यातील मेणाने झाकलेल्या पिलाव्याच्या घरांत दडलेल्या असतात. पंख वाकडे-तिकडे झालेल्या माश्या दिसू लागतात, तेव्हा किडीने पसरवलेला विषाणू वसाहतीत चांगलाच फैलावलेला असतो. म्हणून मोजणी हवी. सुमारे 300 माश्यांचा नमुना अल्कोहोलमध्ये धुवून किडी मोजाव्यात. नऊ सापडल्या, तर प्रमाण शेकडा तीन होते आणि तेथे उपचार लांबवू नये. नमुन्यातील माश्या मरतात याचे वाईट वाटते, पण त्यामुळे हजारोंची वसाहत वाचू शकते.

औषधांविषयीची शंका पूर्णपणे निराधार नाही. फ्लुव्हॅलिनेट या व्हरोआवरील कीडनाशकाला दाद न देणाऱ्या किडी निर्माण झाल्या आहेत आणि त्याचे अंश मेणात साठतात. यातून निघणारा निष्कर्ष मात्र औषधे बदलून आणि मोजणी करून वापरावीत हा आहे. फॉर्मिक आम्लाची वाफ झाकलेल्या घरांतही पोहोचते. ऑक्झॅलिक आम्ल पोहोचत नाही, म्हणून ते पिलावा नसताना अधिक परिणामकारक ठरते. प्रतिकारक्षम वाण हवा असेल, तर त्यासाठी वसाहत मरू देण्याची गरज नाही: जेथे किडी सातत्याने वाढतात तेथे उपचार करून राणी बदलावी आणि नव्या राण्या कमी किडी असलेल्या वसाहतींतून वाढवाव्यात.