‘पगडी पडली, बंद तुटला, वर अनामत कापली’ : आपल्या अभिप्रायाला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार.

नारायणराव पेशव्यांच्या खुनावरच्या आपल्या नाटकासाठी आमच्याकडून १४ पात्रांचा कपडेपट गेला होता. आपण दोन तारे देऊन पाच तक्रारी लिहिल्या आहेत. राघोबादादांची पगडी ऐन प्रवेशात पडली, नारायणरावांच्या अंगरख्याचा बंद तुटला, कपड्यांवरची सोनेरी जर काळी दिसली, नाना फडणवीस आणि रामशास्त्र्यांसाठी पुणेरी पगडी मागूनही मिळाली नाही, आणि ६,००० रुपयांच्या अनामतीतून १,८०० कापले गेले. हौशी संस्थेचा पैसा वर्गणीतून उभा राहतो, हे आम्ही जाणतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

बंदाची चूक पूर्णपणे आमची. तो वरच्या कापडाला नुसता टाचलेला होता. आतून दोन इंचांचा सुती चौकोन लावून, त्यावर चौफेर शिलाई आणि मध्ये फुली घालायला हवी होती. मग ताण एका टाक्यावर न येता सगळ्या चौकोनावर वाटला जातो. त्या अंगरख्याचं भाडं, ३५० रुपये, आम्ही परत करत आहोत. आपल्या लक्षात न आलेली आणखी एक चूक आहे. एका गारद्याच्या गाठोड्यात शिवकाळातल्या मावळ्याचं मुंडासं गेलं होतं. दोन्हींमध्ये जवळजवळ शंभर वर्षांचं अंतर आहे. त्याचेही पैसे परत मिळतील.

एक विनंती मात्र आहे. झटापटीत गारदी छातीवरचा पदर धरून ओढत असतील, तर पक्का बंदही कापड फाडून बाहेर येईल. दंडाला धरा, नाहीतर शेल्याला. शेला गाठ न मारता नुसता खोचलेला ठेवला की ओढताच सुटून हातात येतो, आणि प्रेक्षागृहातून ती ओढ जास्त खरी दिसते.

आता पगडी. आपल्या यादीत सगळ्या डोक्यांसमोर ‘मध्यम’ एवढंच लिहिलं होतं. आमची मध्यम पगडी आतून साडेबावीस इंच भरते. राघोबांचं काम करणाऱ्यांचं माप परवा फोनवर कळलं, साडेएकवीस. बांधून शिवलेली पगडी ताणत नाही, त्यामुळे एक इंचाची ढिलाई तशीच राहते, आणि माणूस मुजऱ्याला वाकला की ती पुढे घसरते. माप घेताना टेप भुवयांच्या एक इंच वरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवा. केस असतील तसे ठेवूनच घ्या. टोप (नकली केस) लावणार असाल तर टोप घालून घ्या. एक इंच जास्त असेल तर मलमलीची सुमारे चार मिलिमीटर जाडीची घडी आतून सगळ्या घेराला कच्च्या टाक्यांनी बसवायची. फक्त मागे बोळा कोंबला तर पगडी पुढे कलते, तुरा नाकावर येतो. डोक्याला तेल नको. पगडीखाली मलमलीची कोरडी पट्टी घट्ट बांधली तर पकड दुप्पट होते. हनुवटीखालून इलॅस्टिक लावू नका, पहिल्या तीन रांगांना ते दिसतं.

हे सगळं रंगीत तालमीत कळायला हवं होतं. प्रयोग संध्याकाळी सहाचा आणि कपडे त्याच दिवशी सकाळी अकराला उचलले गेले. म्हणजे राघोबा त्या पगडीत पहिल्यांदा वाकले ते प्रेक्षकांसमोर. तालमीच्या दिवसाचं आम्ही निम्मंच भाडं लावतो. मापं अपुरी असताना आम्ही अडून बसायला हवं होतं. यापुढे मापांशिवाय पगडी देणार नाही.

पुणेरी पगडी मुद्दाम दिली नव्हती. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्यांच्या छायाचित्रांमुळे डोळ्यांत बसलेली ती घडण एकोणिसाव्या शतकातली. आपलं नाटक १७७३ मधलं. जेम्स वेल्स या चित्रकाराने १७९० च्या दशकात पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढली, त्यांचा आधार धरून आम्ही चक्रीदार पगड्या पाठवल्या. बदल न कळवता केला, हे बरोबर झालं नाही. आपल्याला पुणेरीच हवी असेल तर पुढच्या वेळी मिळेल, निर्णय दिग्दर्शकांचा.

जर काळी पडलेली नाही, परत आल्यावर पांढऱ्या उजेडात तपासली. आपल्या फोटोंमध्ये खुनाच्या प्रवेशाला सगळ्या दिव्यांवर निळं जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) आहे. सोनेरी रंग निळा उजेड फारसा परतवत नाही, त्यामुळे सोन्याचा काठ काळ्या गोटासारखा दिसतो. खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला तो दिवसाढवळ्या. तरी रंगमंचावर रात्र हवीच असेल, तर बाजूच्या विंगेतून मशालीचा म्हणून एक अंबर दिवा सोडा. जर लगेच उठते.

अनामतीबद्दल स्पष्ट सांगतो. १,८०० रुपये रेशमी अंगरख्यावरच्या लाल डागांचे आहेत: पुढचे दोन भाग बदलायला कापड १,१०० आणि शिलाई ७००. ही कपात परत करता येणार नाही. ग्लुकोजच्या पाकात खाण्याचा लाल रंग कालवून केलेलं रक्त सुती कापडावरून बऱ्यापैकी निघतं, रेशमावर नाही. खाण्याचे लाल रंग रेशमाला तसेही पक्के चढतात, आणि आपण डागावर लिंबू चोळलंत तेव्हा आंबटपणाने तो आणखी बसला. असा डाग पडला तर थंड पाण्याने लगेच टिपून घ्या, चोळू नका, गरम पाणी लावू नका. त्याहून चांगलं म्हणजे खुनाच्या प्रवेशाला आमच्याकडचा सुती अंगरखा घ्या, पाच-सहा रांगांपलीकडे फरक कळत नाही. रक्तासाठी रंग न वापरता लाल साटीनची दीड हात पट्टी घडी करून पदराच्या आत ठेवा. वार होताच नटाने ती बोटांनी बाहेर ओढायची. पुसायला काही लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाला तोच अंगरखा चालतो.

परतीची रक्कम आपल्या कोषाध्यक्षांकडे आज पाठवली आहे. साडेएकवीस इंचांची पगडी राघोबांच्या नावाने बाजूला काढून ठेवली आहे. बाकी तेरा मापं तेवढी कळवा.