काजळी कुणाला पाठवणार?

अशोक चौकातल्या कट्ट्यावर आला की अंबादास आधी रुमालानं दगड पुसतो, मग टेकतो. परवा तो काळा झालेला रुमाल त्यानं महेशच्या नाकासमोर धरला. "काल रात्री पुसून गेलो होतो. एका दिवसात एवढं."

"धूळ आहे बे ती! सोलापूर आहे, महाबळेश्वर नाही."

महेश आधीच तापलेला होता. हवामानबदलाच्या संशोधनाचं काहीतरी फोनवर वाचून आला होता. "गोऱ्यांचं नाटक सगळं! दीडशे वर्षं कोळसा त्यांनी जाळला, आणि आता आपल्याला सांगणार, विझवा. अमेरिकेतला माणूस वर्षाला 14 टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, आपला 2 टन. माझ्या गरिबाला आधी वीज पाहिजे!" गरीब हा शब्द आला की महेशचा हात छातीवर जातो आणि आवाज सभेतला होतो.

अंबादास टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, माग चालते ठेवणारा. भुवयांवर सुताचे तंतू तसेच होते. तो शांतपणे म्हणाला, "आकडा बरोबर आहे तुझा. पण धुराड्यातून दोन गोष्टी निघतात. कार्बन जातो जगभर, काजळी उतरते साखर पेठेत. कार्बनचा हिशेब कर की अमेरिकेशी, कोण नको म्हणतंय? काजळी कुणाला पाठवणार? गरिबाचं नाव घेऊन गरिबाच्याच नाकात धूर सोडायलास तू."

माझ्या मते सगळी गोम इथंच आहे. कोळशातलं गंधक जळून हवेत गेलं की त्याचे बारीक कण होतात आणि थेट फुफ्फुसात उतरतात. वीजकेंद्रांनी ते अडवावं म्हणून 2015 मध्ये मर्यादा ठरली. मुदती वाढत गेल्या, आणि जुलै 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना गंधक अडवणारं यंत्र बसवण्यातूनच सूट मिळाली. यंत्र बसवलं तरी गंधकच अडतं, कार्बन नाही. कोळसाच कमी जाळला तर दोन्ही कमी होतात, आणि छातीला आराम पडायला देशानं कार्बन निव्वळ शून्यावर आणायला ठरवलेल्या 2070 ची वाट बघावी लागत नाही.

सिद्राम म्हणाला, "हवेसाठी पैसे येतात की शहराला. यादीत आहोत आपण."

येतात. 2019 पासून राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम चालू आहे. पण दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं 2024 मध्ये देशभराचा हिशेब काढला, तर 64 टक्के पैसा रस्त्याच्या धुळीवर गेलेला आणि कारखान्यांच्या धुरावर 1 टक्कासुद्धा नाही.

"झाडू सोपा असतो," अंबादास म्हणाला. "बॉयलरला हात लावायचा तर मालकाचं दार वाजवावं लागतं."

"मग करू का बॉयलर बंद? पहिली नोकरी तुझीच जाईल, यंटम!"

यावर अंबादास जरा वेळ गप्प राहिला. "आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. दिवसभर तंबाखू, संध्याकाळी चूल. तिच्या खोकल्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. बंद करा म्हणत नाही मी. बॉयलर गॅसवर न्या, विजेवर न्या. पण काम थांबेल तेवढ्या दिवसांची मजुरी कोण देणार, तेही त्याच कागदावर लिहा. तेवढी ओळ नसेल तर तो कागद आमच्यासाठी नाही."

कुणी काही बोललं नाही. महेशला मात्र ती शांतता सोसेना. "मोठा आला धुराचा वैरी! गड्ड्याच्या जत्रेत शोभेच्या दारूकामाला पोराला खांद्यावर घेऊन शिट्ट्या कोण मारत होतं?"

"मीच. वर्षातून एक रात्र. आणि हिशेबच काढायलास तर तुळजापूरच्या जीपचं पेट्रोल आठव. सगळ्यात पुढं बसून गेलास, पैसे आम्ही तिघांनी भरले. त्याला पाच वर्षं झाली."

"अमेरिका! अमेरिका सापडली!" सिद्राम ओरडला. चहावाल्या मामांच्या हातातला चहा हिंदकळला. महेशही पोट धरून हसायला लागला, आणि हसत हसतच त्यानं शंभराची नोट काढली. "घे. व्याज मागू नको."

अंबादासनं नोट सरळ मामांच्या हातात दिली. "चार कट. याचा बिनसाखरेचा."