स्टेशनपासून चालत दहा मिनिटं

मुंबईत नोकरी लागली, भाड्याने घर कुठे बघू, असे मेसेज जून उजाडला की यायला लागतात. कुणी साताऱ्याचं, कुणी लातूरचं, कुणी आमच्याच नात्यातलं. बजेट बारा ते पंधरा हजार, आणि सोबत ठरलेला प्रश्न: 'ताई, डोंबिवली फार लांब पडेल का?' एकेकाला जे सांगते ते आज इथे सगळ्यांसाठी लिहिते. मुंबईपासून किती लांब, हे नंतर. आधी स्टेशनपासून चालत किती मिनिटं, ते बघा.

डोंबिवली ते सीएसएमटी ४८ किलोमीटरच्या आसपास. फास्ट लोकलने सव्वा तास धरून चाला. हा प्रवास सुखाचा आहे असं मी कुणालाच सांगणार नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं गाडीतून पडली, जीव गेले. तेव्हापासून मुलगा घरातून निघाला की मी त्याला दारात उभं राहू नकोस म्हणून रोज बजावते. पण लोकलचा हिशेब निदान मांडता येतो. गाडी कुठली, डबा कुठला, आधी उलट कल्याणच्या दिशेने (डाऊन) जाऊन सीट पकडायची की नाही, हे महिन्याभरात अंगवळणी पडतं आणि पासही काही शे रुपयांत निघतो. हिशेब फिसकटतो तो उतरल्यावर. जुलैतली रात्र, दहा वाजलेले, रिक्षाची रांग जिन्यापर्यंत आलेली, आणि घर अजून पाच किलोमीटरवर.

ओळखीच्या एका जोडप्याने स्टेशनजवळचं चौदा हजारांचं घर सोडून कल्याण-शीळ रस्त्यावर साडेदहा हजारांत मोठं घर घेतलं. लिफ्ट, बाग, गेटवर सिक्युरिटी, सगळं छान. महिन्याला साडेतीन हजार वाचणार होते. दोघंही नोकरी करणारे. शेअर रिक्षाचे एका सीटचे तीस रुपये, दोघांचे येऊन-जाऊन एकशेवीस, पंचवीस दिवसांचे तीन हजार. उशीर झाला की स्वतंत्र रिक्षा, तिचे वेगळे. उरलं काय? शिवाय त्या रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये रोज जाणारा वेळ. मुलगी शाळेतून आली की तिला वही आणायला एकटीला पाठवता येत नाही, कारण दुकान गेटच्या बाहेर, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. आणि त्या रस्त्यालगतच्या २७ गावांच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पाण्याची बोंब असते, टँकरची वर्गणी वेगळी द्यावी लागते. ते घर वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ते स्वस्त नाही.

आता स्टेशनजवळची जुनी डोंबिवली बघा. पूर्वेला रामनगर, टिळकनगर, फडके रोडच्या आतल्या गल्ल्या, पश्चिमेला विष्णुनगर. तीन-चार मजली इमारती, लिफ्ट नाही, प्लॅस्टर उडालेलं, पाणी ठरलेल्या वेळेलाच. पण खाली उतरलं की वाणी, डॉक्टर, बँक, शाळा, वाचनालय, भाजी, सगळं पायाखाली. एकट्या राहणाऱ्या मुलामुलींना सगळ्यात मोठा आधार म्हणजे पोळी-भाजी केंद्रं. स्टेशनवरून येता येता चार पोळ्या आणि पावशेर भाजी घ्यायची, घरी जाऊन जेवायचं. रात्री साडेदहाला बाई एकटी चालत घरी येऊ शकते, कारण रस्ता जागा असतो. गॅलरीत कुणी उभं असतं, मेडिकल उघडं असतं, शेजारच्या काकू अजून खाली गप्पा मारत असतात. हे कुठल्याही ब्रोशरमध्ये छापलेलं नसतं, आणि भाडं ठरवताना आपणही त्याला किंमत देत नाही.

फेरीवाल्यांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. गर्दीच्या जिन्यांशी वाट मोकळी हवीच, त्यात दुमत नाही. पण कामावरून येणाऱ्या बाईला वाटेत मिळणारी मेथीची जुडी हीही सोय आहे, ती शहरातून हाकलून द्यायची गोष्ट नाही. त्यांना जागा आखून द्या आणि फुटपाथ चालण्याजोगा ठेवा. आमच्याकडे फुटपाथवर दुकानांच्या पायऱ्या येतात, त्यावर बाइक लागतात, मधेच गटाराचं झाकण उचकटलेलं असतं, आणि म्हातारी माणसं रिक्षांच्या मधून रस्त्यावर चालतात. महापालिकेने आधी स्टेशनभोवतीचा एक किलोमीटर धड करावा. रोज लाखो पावलं तिथे पडतात.

ब्रोकर 'स्टेशनपासून पाच मिनिटं' म्हणतात ती बाइकवरची, तीही रविवार सकाळची. तुम्ही स्वतः चालून बघा. सकाळी आठला एकदा आणि रात्री दहानंतर एकदा. पावसाळ्यात घर बघत असाल तर उत्तमच, पाणी कुठे साचतं ते कळेल. फाटकाच्या, पुलाच्या कुठल्या बाजूला घर आहे ते बघा. कल्याणकडच्या जिन्याजवळचं घर आणि मुंबईकडच्या टोकाचं घर यांत पाच-सात मिनिटांचा फरक सहज पडतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं, दीड किलोमीटरसाठी. तेवढं अंतर पायी जमणार असेल तर ते पैसे बिनदिक्कत घरभाड्यात घाला. ठाकुर्लीलाही बघा, तिथे स्लो लोकलच थांबते पण गल्ल्या शांत आहेत. हार्बर लाइनवर ज्यांचं ऑफिस आहे त्यांनी नवीन पनवेलचे स्टेशनजवळचे सेक्टर बघावेत, सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी संस्थेने, रस्ते नीट आखलेत. आणि लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे घरभाड्याचा करार नोंदवल्याशिवाय सामान हलवू नका. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी करून देणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. अकरा महिन्यांचा करार असला तरी सुद्धा.

हे सगळं सांगते खरी, पण दरवर्षी सांगणं अवघड होत चाललंय. कारण मी ज्या घरांबद्दल बोलते तीच घरं संपत आलीत.

जुन्या इमारती रिडेव्हलपमेंटला जातात. धोकादायक असतात, जायलाच हव्यात, दर पावसाळ्यात जीव मुठीत धरून कुणी राहावं असं माझं म्हणणं नाही. पण त्या इमारतीतली वन रूम किचनं परत बांधली जात नाहीत. खाली पार्किंग, वर टू बीएचके. मूळ मालकाला मोठं घर मिळतं, हक्काचं आहे, मिळावंच. तिथे भाड्याने राहणाऱ्याला मात्र महिन्याची नोटीस मिळते. आणि बांधकाम चालू असताना काय होतं ते बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. एका इमारतीतल्या सगळ्या कुटुंबांना एकाच महिन्यात, त्याच गल्लीत, मुलांच्या शाळेजवळ घर हवं असतं, आणि त्यांचं भाडं बिल्डर भरत असतो. घरमालकाने दोन हजार जास्त सांगितले तरी ते घर जातं. पंधरा हजारांच्या बजेटमध्ये घर शोधणारी, नोकरीला नव्याने लागलेली मुलगी त्या भावाशी स्पर्धा कशी करणार? ती बदलापूरला जाते, तिथून पुढे वांगणीला जाते, आणि तिथेही स्टेशनपासून रिक्षाने.

सरकारने भाड्याच्या घरांचा विचार केला नव्हता असं नाही. २००८ मध्ये एमएमआरडीएची, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, भाडेतत्त्वावरच्या घरांची योजना आली, १६० चौरस फुटांची घरं. पुढे धोरण बदललं. पनवेलजवळ कोनला त्यातली बरीच घरं दोन-दोन एकत्र करून गिरणी कामगारांना सोडतीत दिली. कामगारांना घर मिळालं हे चांगलंच झालं. पण भाड्याची घरं म्हणून जे सुरू झालं ते भाड्याचं राहिलं नाही, आणि उभं राहिलं तेही हायवेवर, लोकलच्या स्टेशनपासून दूर. मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांवर २० टक्के छोट्या घरांची अट आहे, पण स्टेशनजवळच्या जुन्या सोसायट्यांचे भूखंड त्याच्या जवळपासही नसतात. आणि ती घरंही विकण्यासाठीच असतात, भाड्यासाठी नाही.

माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये डोंबिवली, ठाणे, कल्याण, मुलुंडमधल्या सोसायट्यांचे बरेच सेक्रेटरी, चेअरमन आहेत. काका, काकू, तुमच्यातले कितीतरी जण लग्नानंतर अशाच वन रूम किचनमध्ये भाड्याने राहून पुढे आलात. तुमच्या सोसायटीत बिल्डरचा प्लॅन टेबलावर येईल तेव्हा कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा निधी) किती, पार्किंग किती, हे विचाराल तसंच हेही विचारा, की विक्रीच्या मजल्यांवर साडेतीनशे-चारशे फुटांची घरं किती आहेत? आधीच्या इमारतीत जेवढी होती त्याच्या निम्मी तरी ठेवा, असा आग्रह सर्वसाधारण सभेत धरा आणि मिनिट्समध्ये लिहून घ्या. बिल्डर म्हणेल विकली जाणार नाहीत. फडके रोडवर संध्याकाळी अर्धा तास उभं राहून घर शोधणाऱ्या मुलामुलींशी बोलायला त्याला माझ्यासोबत पाठवा.