एकटा माणूस समुद्रावर जास्त सुरक्षित असतो का?

थंडी पडायला लागली की गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जाणाऱ्यांच्या आणि तंबू घेऊन भटकणाऱ्यांच्या गटांमध्ये एक संदेश फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. समुद्रात बुडतात ती टोळक्यांतली माणसं. एकटा माणूस शहाणपणाने वागतो, म्हणून निर्जन किनाऱ्यावर एकट्याने राहणं आणि मासे पकडणं गटाने जाण्यापेक्षा सुरक्षित. पावसाळा सोडला तर दर्या शांतच असतो. वाळूवरची ओली रेघ बघून तिच्या वर तंबू ठोकला की भरतीची चिंता नको. मोठी लाट सातवी असते, ती मोजून खडकावर उतरावं. अडचण आलीच तर ११२ आहे. दंश झाला तर लघवी, जनावरं आली तर शेकोटी.

एकट्याने किनाऱ्यावर रात्र काढायला माझा विरोध नाही. मी स्वतः जातो आणि जात राहणार. पण हा संदेश बऱ्याचदा अशा माणसाच्या हाती पडतो, ज्याने नुकतीच पहिली रॉड घेतली आहे आणि देवगड, गुहागर किंवा वेंगुर्ल्याकडचा एखादा रिकामा किनारा नकाशावर हेरून ठेवला आहे. त्याला हे मुद्दे चुकीच्या जागी नेऊन उभं करतील.

टोळक्यांचं खरं आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीला बेळगावहून आलेले ८ जण गेले. एकाने पुढे जायचं, बाकीच्यांनी त्याच्यामागे, हे गटात होतं आणि एकट्याच्या बाबतीत होत नाही, एवढं मान्य. पण यावरून एकटा सुरक्षित कसा ठरतो? मुळात रात्र काढायला एकटे जाणारे किती आणि सहलीने जाणारे किती, याचा हिशेबच संदेशात नाही. शिवाय गटातला माणूस पाण्यात गेला की निदान कोणीतरी ओरडतं, गावातली माणसं होड्या घेऊन धावतात. एकटा गेला तर घरचे दुसऱ्या दिवशी दुपारी फोन लावायला लागतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे गटात जी गोष्ट किरकोळ असते, ती एकट्याला किरकोळ राहत नाही. खडकावर पाय मुरगळला तर गटातला माणूस खांद्याचा आधार घेऊन लंगडत परत येतो. एकट्याचा पाय भरती लागताना मुरगळला, तर वाळू गाठायला त्याच्याकडे मोजका वेळ उरतो. गरी, म्हणजे गळाचा आकडा, अंगठ्यात रुतली तर ती एका हाताने काढावी लागते. म्हणून एकट्याने जाताना घरीच पकडीने गरीचा उलटा दात चेपून टाकावा. चार मासे सुटतील, पण गरी हातातून सरळ मागे निघेल.

आता दर्या शांत असण्याचं. वरच्या दोन्ही तारखा पुन्हा बघा: एक फेब्रुवारीतली, एक एप्रिलमधली. एकही पावसाळ्यातली नाही. आपल्याकडे वारा पडलेला असताना, आभाळ निळंशार असताना मोठ्या लाटा येऊ शकतात, कारण त्या इथे तयारच झालेल्या नसतात. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांतून निघालेली लांब लाट हजारो किलोमीटर चालून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचते. केरळातले मच्छीमार तिला कल्लक्कडल म्हणतात. एप्रिल-मे हा तिचा हंगाम, म्हणजे आपल्या सुट्ट्यांचा. मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या संस्थेने अशाच लाटांचा इशारा दिला आणि मुंबईतही लोकांना पाण्यापासून लांब राहायला सांगितलं गेलं. हा इशारा फोनवर फुकट मिळतो. हवामानाचा अंदाज बघून निघणारे पुष्कळ असतात, लाटांचा अंदाज बघणारा मला क्वचित भेटतो.

सातव्या लाटेची गोष्ट इथेच निकालात काढू. लाटा गटाने येतात हे बरोबर, पण गटात किती असतील आणि दोन गटांत किती वेळ जाईल हे ठरलेलं नसतं. लांब लाटांच्या दिवशी तर मधली शांतता कित्येक मिनिटांची असते. तेवढ्यात माणूस खाली उतरतो, शिसं बांधतो, आमिष लावतो, पाठ समुद्राकडे करून पिशवीत वाकतो. मोजायचंच असेल तर लाटा मोजू नका, वेळ मोजा. खडकाच्या वर, सुरक्षित जागी अर्धा तास नुसतं बसून राहा आणि पाणी कुठवर येतं ते बघा. जिथे उभं राहायचं आहे तो कातळ ओला असेल, तर तिथे लाट येऊन गेलेली आहे. तो कोरडा दिसला तरी काळ्या-हिरव्या शेवाळाने बुळबुळीत असेल, तर तिथे पाणी रोज येतं. हेदवीची बामणघळ ज्यांनी ओहोटीला पाहिली आहे, त्यांना ती खडकातली एक साधी भेग वाटते. भरतीला त्याच भेगेतून पाणी उंच उसळतं. असे छोटे-मोठे घळ कोकणच्या कातळांत जागोजाग आहेत. त्यांना नावं नाहीत आणि फलकही नाहीत.

खडकावर एकट्याने गरवताना लाइफ जॅकेट अंगात हवंच. पोहता येतं हे त्यावरचं उत्तर नव्हे. पडलेला माणूस बहुतेक वेळा जिथे पडला तिथेच वर चढायला बघतो, आणि पुढची लाट त्याला कालवांच्या धारदार कडांवर घासते. खडकापासून आधी लांब व्हायचं, तरंगत राहायचं, आणि वाळू जिकडे असेल तिकडून बाहेर यायचं. अंगात जॅकेट असेल तरच एवढा धीर राहतो. गमबूट घालून खडकावर जाऊ नये, त्यात पाणी भरतं.

वाळूवरही पाण्यात शिरण्याचं एक निमित्त ठरलेलं असतं: गरी अडकते. दोर ताणून बघितली, बाजूला जाऊन बघितली, सुटत नाही. पन्नास रुपयांचं शिसं आणि गरी वाचवायला माणूस आधी गुडघाभर, मग कमरेएवढ्या पाण्यात जातो. ओहोटीच्या ओढीत कमरेएवढं पाणी पायाखालची वाळू काढून घेतं. अशा वेळी रॉड खाली, दोरीच्या रेषेत धरायची, दोर लाकडाच्या तुकड्याला दोन-तीन वेढे देऊन (हाताला कधीच नाही) मागे चालत जायचं. तुटली तर तुटली.

संदेशातला सगळ्यात घातक मुद्दा मला तंबूचा वाटतो, कारण तो ऐकायला अगदी शास्त्रशुद्ध आहे. ओली रेघ सांगते ती फक्त मागची भरती. पुढची तिच्याएवढीच असेल असं नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, भरती कमी चढते. तिथून अमावस्या किंवा पौर्णिमेकडे जाताना ती रोज थोडी वर सरकते आणि उधाणाला सर्वांत वर जाते. दशमी-एकादशीला ओल्या रेघेच्या चार पावलं वर लावलेला तंबू तीन-चार दिवसांत पाण्यात असतो.

हे बऱ्याच जणांना माहीत असतं. फारसं माहीत नसतं ते असं, की एकाच दिवसाच्या दोन भरत्याही सारख्या नसतात. मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातल्या उधाणाची मोठी भरती दुपारी येते, म्हणून जून-जुलैत महापालिकेचे इशारे दुपारचे असतात. हिवाळ्यात हे उलटतं. डिसेंबरच्या उधाणात मध्यरात्रीची भरती दुपारच्या भरतीपेक्षा अर्ध्या मीटरहूनही जास्त चढू शकते. आता हिशेब करा. तुम्ही डिसेंबरमध्ये चार वाजता किनाऱ्यावर पोचलात, दुपारच्या भरतीची रेघ बघितलीत, तिच्या दहा पावलं वर तंबू ठोकलात. चाळीस मीटरला एक मीटर चढणाऱ्या सपाट वाळूवर अर्धा मीटर जास्त पाणी म्हणजे वीस मीटर आत. आणि ते येणार तुम्ही झोपेत असताना.

मग तंबू कुठे लावायचा? ओली रेघ सोडा, कचऱ्याची रेघ बघा. वाळकं शेवाळ, थर्माकोल, बाटल्या, तुटक्या चपला यांच्या एकापेक्षा जास्त रांगा असतात. त्यातली सगळ्यात वरची शोधा आणि तिच्याही मागे, मर्यादवेल दाट पसरलेली असते तिच्या पलीकडे जा. माडाखाली नको. सुरूच्या वाळक्या फांद्यांखालीही नको. खाडीच्या मुखाजवळच्या वाळूच्या दांड्यावर तर मुळीच नको, कारण तिथे पाणी समोरून येण्याआधी मागून येतं आणि परतीची वाट आधी बुडते.

वेळेसाठी जुना पाऊणपटीचा हिशेब अजून कामाचा आहे: तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईकडच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दक्षिणेकडे जाल तसं ती थोडी आधी येते. नेमक्या वेळेसाठी तक्ता बघावा. आणि पाणी एकसारखं चढत नाही हेही लक्षात ठेवावं. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासात साधारण बारावा हिस्सा चढतो, म्हणून वाटतं की अजून पुष्कळ वेळ आहे. तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून निम्मं पाणी येतं. ओहोटीलाच जोडला जाणारा कातळ असेल तर पाणी फिरताच तो सोडायचा, मासे कितीही लागत असोत.

११२ चांगली सोय आहे. समुद्रासाठी तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हेही फोनमध्ये असावेत, रुग्णवाहिकेला १०८. पण निर्जन किनारे कड्याखाली असतात आणि कड्याखाली रेंज नसते. तंबू लावण्याआधी रेंज कुठे मिळते ती जागा चालत जाऊन शोधावी आणि तिथवरची वाट उजेडात पाहून ठेवावी. फोन जलरोधक पिशवीत अंगावर असावा, तंबूत नाही.

परदेशी व्हिडिओ बघून काहीजण उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्या असं सुचवतात. भारतात उपग्रह फोन किंवा असं यंत्र परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, विमानतळांवर परदेशी प्रवासी त्यापायी अडकले आहेत. २६/११ नंतर किनारपट्टीवर तर अशा वस्तूकडे आणखी संशयाने पाहिलं जातं. रात्री एकटाच तंबू दिसला तर सागर रक्षक दलातले गावकरी किंवा पोलीस चौकशीला येतील आणि त्यांनी यावंच. आधी जाऊन वाडीत सांगितलं, ओळखपत्र दाखवलं, की तीच माणसं तुमची राखण करतात. कुठल्या कातळावर पाणी कधी उसळतं हेही त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

दंशांचं थोडक्यात सांगतो. जेली फिशच्या दंशावर लघवीने फायदा होत नाही, उलट कातडीवर उरलेल्या डंखपेशी आणखी फुटू शकतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे चिमट्याने काढा, चोळू नका. पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तासभर हात-पाय बुडवून ठेवल्याने वेदना उतरते, मग जखम डॉक्टरांना दाखवायची. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाललं तर पाकट आधीच निघून जातं. गरीला लागलेला केंड (फुगणारा) मासा खाऊ नये. त्याचं विष शिजवून जात नाही, ताजा असला तरी नाही. आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात रात्री कातळावरून बॅटरीशिवाय, पायात बूट नसताना हिंडू नये. फुरसं (विषारी साप) लहान असतं आणि दगडांच्या रंगात मिसळून जातं. ते चावलं तर चिरणं, चोखणं, करकचून बांधणं काही नको. १०८ किंवा वाडीतल्या माणसाला फोन करायचा आणि प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठायचं. ते कुठे आहे हे निघण्याआधी ठाऊक हवं.

शेकोटीला घाबरून जनावरं येत नाहीत म्हणतात. कुत्री आणि कोल्हे येतात ते माशांच्या आतड्यांच्या वासाने, शेकोटी असली तरी. मासे तंबूपासून लांब साफ करावेत. वाशिष्ठी आणि सावित्रीच्या खाड्यांत मगरी आहेत, तिथे काठावर बसून मासे धुऊ नयेत. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा कासवांच्या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून मेपर्यंत शेकोटी आणि झगझगीत दिवा दोन्ही टाळावेत. अंड्यांतून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात आणि समुद्राऐवजी तुमच्या तंबूकडे येतात.

विजेचा मुद्दा संदेशात नाहीच. ऑक्टोबरमध्ये आणि मेमध्ये संध्याकाळी ढग भरून येतात तेव्हा मोकळ्या वाळूवर सगळ्यात उंच वस्तू तुम्ही असता, आणि हातात कार्बनची रॉड असते, जिच्यातून वीज वाहते. पहिला गडगडाट ऐकू आला की रॉड आडवी टाकून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावं, तंबूत नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी हे अ‍ॅप जवळपासच्या विजांची सूचना देतं.

निघण्याआधी घरच्या एका माणसाकडे कागदावर एवढं लिहून ठेवा: किनाऱ्याचं आणि जवळच्या वाडीचं नाव, गाडी कुठे लावणार, कोणत्या कातळावर बसणार, त्या रात्रीच्या भरतीची वेळ, वाडीतल्या ज्याला सांगून ठेवलं त्याचा नंबर, आणि सकाळी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्या नंबरवर फोन करायचा. ती वेळ ठरली की पाळा. मासे लागत असले तरी.